कमांड लाइनवरून फोटोंची साइज कमी करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या छोट्या दुकानांच्या आणि द्राक्ष नर्सरींच्या वेबसाइट सांभाळताना, शिवाय ओळखीपाळखीच्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देताना जे प्रश्न सारखे कानावर येतात ते इथे एका जागी केलेत. कमांड लाइन म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत हुकूम (कमांड) टाइप करून काम करून घेणं. कमांड फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्यात, त्यातले स्वल्पविराम टाइप करायचे नाहीत. टाइप करताना कमांड आणि आकडे इंग्रजी अक्षरांत टाका, दोन शब्दांमध्ये एक स्पेस द्या आणि डॅश पुढच्या शब्दाला चिकटवून ठेवा. शब्दांच्या मध्ये येणारे डॅश, अंडरस्कोर, एक्स, डॉट, कोलन आणि इक्वल टू मात्र दोन्ही बाजूंनी चिकटवा, एवढं सांभाळलं की झालं.

फुकटात फोटो छोटे करून देणाऱ्या ढीगभर साइट आहेत, मग कमांड लाइनची भानगड कशाला?

एखाद-दुसरा फोटो असेल आणि तो कुणीही बघितला तरी चालणार असेल तर खुशाल साइट वापरा. पण आपल्याला बहुतेक वेळा काय छोटं करायचं असतं ते बघा ना, आधार, पॅन, दहावीचं मार्कशीट, सातबारा, जातीचा दाखला आणि वर सही. हे सगळं कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचं आणि तिथून ते डिलीट होतं का नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, हे मला अजिबात पटत नाही. कमांड लाइनवर फाइल तुमच्या मशीनच्या बाहेर जातच नाही, नेट गेलं तरी काम थांबत नाही.

दुसरं म्हणजे संख्या. येवल्याच्या पैठणीवाल्यांकडे एका शूटमध्ये शंभरभर साड्या सहज होतात आणि प्रत्येक साडीचे चार-पाच अँगल, ते काय एकेक करून ब्राउझरमध्ये ओढत बसायचे का? इथे एक ओळ टाइप केली की चहा येईपर्यंत आख्खा फोल्डर तयार असतो. आणि तीच ओळ जपून ठेवली, पुढच्या महिन्यात नव्या फोटोंवर चालवली, की जुने-नवे फोटो एकाच मापाचे, एकाच क्वालिटीचे दिसतात, त्यानं दुकानाच्या पानाला एक शिस्त येते.

काय काय इन्स्टॉल करावं लागेल?

मुख्य म्हणजे इमेजमॅजिक, साइज बदलणं, फिरवणं, कापणं, फॉरमॅट बदलणं सगळं यातच होतं. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये असताना ते लिहायला घेतलं आणि आजही ते चालू आहे, फुकट आहे. त्याच्या जोडीला जेपीईजीसाठी जेपेगऑप्टिम, पीएनजीसाठी पीएनजीक्वांट आणि ऑप्टिपीएनजी, वेबपी या वेबसाइटच्या फोटोंच्या फॉरमॅटसाठी सीवेबपी, आणि फोटोच्या पोटातली माहिती बघायला-काढायला एक्झिफटूल. उबुंटूवर (हे एक लिनक्स) सगळं एपीटी या इन्स्टॉलरनं येतं, मॅकवर होमब्रू या इन्स्टॉलरनं. विंडोजवर इमेजमॅजिक विंगेट या इन्स्टॉलरनं येतं पण बाकीच्यांसाठी मी सरळ डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकायला सांगतो, आत उबुंटू मिळतं आणि इथलं सगळं जसंच्या तसं चालतं.

मी "कन्व्हर्ट" टाइप केलं तर विंडोज भलतंच काहीतरी म्हणतंय.

कारण विंडोजची स्वतःची कन्व्हर्ट नावाची एक कमांड आहे, ती डिस्कची फाइल सिस्टिम फॅटवरून एनटीएफएसवर न्यायला असते, फोटोंशी तिचा काही संबंध नाही. इमेजमॅजिकच्या ६ नंबरच्या व्हर्जनमध्ये कमांड कन्व्हर्ट होती, ७ पासून ती मॅजिक झाली. म्हणून खाली सगळीकडे मॅजिक म्हटलंय. तुमच्या उबुंटूवर अजून ६ असेल तर मॅजिकच्या जागी कन्व्हर्ट टाका, पुढची ओळ तीच राहते. फक्त मॅजिक मॉग्रिफाय आणि मॅजिक आयडेंटिफाय असेल तिथं नुसता मॅजिक शब्द गाळा.

सगळ्यात जास्त फरक कशानं पडतो?

पिक्सेल कमी केल्यानं. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरीही लोक आधी क्वालिटीच्या आकड्याशीच खेळत बसतात. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो बघा, ४००० बाय ३००० पिक्सेल, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. आता तो ज्या मोबाइलवर, ज्या लॅपटॉपवर कुणी बघणार आहे तिथं त्याला १६०० पिक्सेल रुंदी मिळाली तरी डोक्यावरून पाणी. १६०० बाय १२०० केलं की १९ लाख २० हजार पिक्सेल उरतात, मूळच्या साधारण सहावा हिस्सा, आणि क्वालिटीला अजून आपण हातही लावलेला नाही! याउलट ४००० पिक्सेल तसेच ठेवून क्वालिटी ३० वर आणली तर फाइल छोटी होते खरी पण फोटो चौकटी-चौकटीचा दिसायला लागतो.

कमांड अशी: मॅजिक, मूळ फाइलचं नाव, डॅश रिसाइज, मग अवतरण चिन्हांत १६०० एक्स १६०० आणि त्याला चिकटून ग्रेटर दॅनचं चिन्ह, मग डॅश क्वालिटी ८२, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. १६०० एक्स १६०० म्हणजे फोटो चौकोनी होत नाही बरं का, लांबी-रुंदीतली मोठी बाजू १६०० होते आणि दुसरी प्रमाणात येते. ग्रेटर दॅनचा अर्थ असा की फोटो याहून मोठा असेल तरच छोटा कर, आधीच छोटा असेल तर ओढून मोठा करू नकोस. आणि ते अवतरण चिन्हांतच हवं, नाहीतर टर्मिनलला वाटतं की तुम्हाला आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचंय.

क्वालिटी किती ठेवू? ८० म्हणजे ८० टक्के ना?

टक्के नाहीत. जेपीईजीचं स्टँडर्ड १९९२ चं आहे, त्यात फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्यात हळूहळू बदलणारा भाग किती आणि झरझर बदलणारा बारीक भाग किती हे काढलं जातं, आणि बारीक भागाचे आकडे जास्त ढोबळ करून टाकले जातात कारण डोळ्याला ते फारसं जाणवत नाही. किती ढोबळ करायचं ते क्वालिटीचा आकडा ठरवतो. म्हणून एका सॉफ्टवेअरमधला ८० आणि दुसऱ्यातला ८० एकच असेल असं नाही, अगदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये ८० वरून ४० वर गेलं की फाइल बरोबर अर्धी होईल असंही नाही.

माझं मत विचाराल तर वेबसाइटसाठी ७५ ते ८५ च्या मध्ये राहा. ९५ च्या वर फाइल भराभर फुगते आणि दिसण्यात काही मिळत नाही. ६० च्या खाली माणसांचे चेहरे आणि संध्याकाळचं आकाश आधी बिघडतं, गोदाघाटावरचा मावळतीचा फोटो घेऊन बघा, आभाळात पट्टे दिसायला लागतात.

पैठणीच्या फोटोत लाल-मरून रंग काठावर पसरल्यासारखा दिसतोय, क्वालिटी वाढवून बघितली तरी तेच. काय करू?

हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा, कारण याची जी खरी कारणं आहेत ती कुणी सांगतच नाही आणि विणकराची मेहनत फोटोत वाया जाते. जेपीईजीमध्ये उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळी ठेवली जाते. माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक लगेच पकडतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर दर २ बाय २ म्हणजे चार पिक्सेलमागे रंग एकच ठेवतात. याला ४:२:० म्हणतात. डोंगर, माणसं, बागा यांच्यात ते कळतही नाही. पण मरून पदरावर हिरवा मोर आणि त्याला जरीची बारीक कड, इथे दर पिक्सेलला रंगच बदलतोय, आणि नेमकं तेच आपण चारात एक करून टाकतोय! झूम करून बघा, मोराच्या मानेचा हिरवा बाजूच्या मरूनमध्ये उतरलेला दिसेल, जरीची कड मळकट दिसेल.

उपाय सोपा आहे. कमांडमध्ये डॅश सॅम्पलिंग डॅश फॅक्टर ४:४:४ टाका, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग मिळतो. फाइल थोडी वाढेल, वाढू द्या. आता कुणी म्हणेल की मोबाइलनं मूळ फोटोच ४:२:० मध्ये काढला असेल तर गेलेला रंग परत कुठून येणार. बरोबर आहे, पण गंमत बघा, मूळ फोटो ४००० रुंद असेल तर त्यात रंगाची माहिती २००० रुंदीची असतेच, आणि आपण तो १६०० वर आणतोय, म्हणजे १६०० पिक्सेलना पुरेल एवढा रंग आपल्या हातात असतो. फक्त सेव्ह करताना तो परत अर्धा करू नका. म्हणून आधी रिसाइज आणि त्याच कमांडमध्ये ४:४:४, दोन वेळा वेगवेगळं सेव्ह करायचं नाही.

वेबपीमध्ये लॉसी मोडला, म्हणजे थोडी माहिती टाकून देऊन फाइल छोटी करणाऱ्या मोडला, ४:४:४ मिळतच नाही, तिथं सीवेबपीला डॅश शार्प अंडरस्कोर वाययूव्ही हा ऑप्शन द्या, कडा बऱ्यापैकी सांभाळल्या जातात. तरी पदराच्या क्लोजअपसाठी मी जेपीईजीच ठेवतो.

पीएनजी फाइल एवढी मोठी का होते?

पीएनजी काहीच टाकून देत नाही, एकेक पिक्सेल जसाच्या तसा ठेवतं. लोगो, स्क्रीनशॉट, लग्नपत्रिकेची अक्षरं यासाठी भारी, फोटोसाठी चुकीचं. फोटो पीएनजीत असेल तर त्याला जेपीईजी करा, बाकी काही करू नका.

लोगो वगैरेसाठी पीएनजीक्वांट वापरा, ते रंग मोजून जास्तीत जास्त २५६ वर आणतं आणि फाइल जाम कमी होते. डबल डॅश क्वालिटी इक्वल टू ६५-८० दिलं तर ६५ च्या वरची क्वालिटी राखणं जमत नसेल तेव्हा ते फाइल लिहीतच नाही, हे मला फार आवडतं, कारण काहीतरी खराब लिहून ठेवण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. ते नवी फाइल वेगळ्या नावानं करतं. ऑप्टिपीएनजी मात्र क्वालिटीला हात न लावता तीच फाइल जास्त नीट आवळतं आणि मूळ फाइलवरच लिहितं, म्हणून डॅश कीप द्या म्हणजे जुनीची प्रत राहील.

सातबारा किंवा जुना दस्त स्कॅन केलाय, एक पान कित्येक एमबीचं झालंय.

ए४ कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, रंगीत असेल तर कॉम्प्रेस न करता तो २६ एमबीच्या आसपास जातो. पण कागदावर फक्त काळी अक्षरं असतील तर प्रत्येक पिक्सेलला २४ बिट कशाला, १ बिट पुरतो, काळा का पांढरा एवढंच. मॅजिक, फाइल, डॅश कलरस्पेस ग्रे, डॅश थ्रेशोल्ड ६० टक्क्याच्या चिन्हासकट, आणि आउटपुट पीएनजी. कागद पिवळा पडलेला असेल तर आकडा थोडा कमी करा, अक्षरं तुटत असतील तर थोडा वाढवा.

एक काळजी घ्या. निळा-जांभळा शिक्का आणि फिकट पेनची सही यात उडून जाऊ शकते. शिक्का महत्त्वाचा असेल तर थ्रेशोल्ड करूच नका, रंगीत ठेवून १५० डीपीआयच्या मापावर आणा आणि जेपीईजी ७५ करा.

आणि आणखी एक, स्कॅनची पीडीएफ बनवणाऱ्या एखाद्या टूलमध्ये जेबिग२ या काळ्या-पांढऱ्या पानांच्या कॉम्प्रेशनचा लॉसी मोड दिसला तर तो बंदच ठेवा. तो मोड सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच समजून एकाचा ठसा दुसऱ्याच्या जागी लावतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनवर अशा कॉम्प्रेशनमुळे स्कॅनमधले आकडेच बदलत होते, ६ चा ८ होत होता, आणि दिसायला पान एकदम स्वच्छ. गट नंबर आणि क्षेत्राच्या आकड्यांच्या बाबतीत असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

परीक्षेच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत मागतात, आणि २० च्या वर पण हवा. कसं जमवायचं?

फॉर्मवर पिक्सेलचं माप दिलेलं असतं ते आधी बघा, समजा २०० बाय २३० आहे. चेहरा ताणला जाऊ नये म्हणून डॅश रिसाइज अवतरणात २०० एक्स २३० आणि त्याला चिकटून टोपीचं चिन्ह, म्हणजे सहा आकड्याच्या डोक्यावरचं, मग डॅश ग्रॅव्हिटी सेंटर, डॅश एक्सटेंट २०० एक्स २३०. यानं फोटो माप भरेपर्यंत छोटा होतो आणि बाजूचा जास्तीचा भाग कापला जातो. मग जेपेगऑप्टिम, डबल डॅश साइज इक्वल टू ४५के. बरोब्बर ५० देऊ नका, कारण कुणी केबी १००० बाइटचा धरतं कुणी १०२४ चा.

एवढ्या छोट्या मापावर फाइल उलट २० च्या खालीच जाते असं बऱ्याचदा होतं, तेव्हा क्वालिटी ९५ किंवा थेट १०० करा, बस. फॉर्मवर २०० डीपीआय लिहिलेलं असतं त्याचं टेन्शन घेऊ नका, तो आकडा म्हणजे फाइलवर लिहिलेली एक नोंद आहे, त्यानं फोटोतला एकही पिक्सेल बदलत नाही. साइट तेवढ्यावरून अडवत असेल तर डॅश युनिट्स पिक्सेल्सपरइंच आणि डॅश डेन्सिटी २०० टाकून मोकळे व्हा.

सहीचं म्हणाल तर पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेननं करा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढा, अर्धं काम तिथंच होतं.

आख्खा फोल्डर एकदम कसा करायचा?

इमेजमॅजिकमधलंच मॉग्रिफाय वापरा, पण हे नीट वाचून मगच. मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, विचारत नाही, आणि एकदा १६०० केलेला फोटो परत ४००० होत नाही. लग्नाच्या अल्बमचे, सिंहस्थात रामकुंडावर काढलेले फोटो परत काढता येत नाहीत. म्हणून आधी एक रिकामा फोल्डर बनवा, समजा त्याचं नाव छोटे, आणि कमांड अशी द्या: मॅजिक मॉग्रिफाय, डॅश पाथ, छोटे, मग डॅश ऑटो डॅश ओरिएंट, डॅश रिसाइज, डॅश क्वालिटी नेहमीसारखं, आणि शेवटी चांदणी डॉट जेपीजी, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या जेपीजी फाइली. डॅश पाथ दिला की नव्या फाइली त्या फोल्डरमध्ये जातात आणि मूळ फोटोंना धक्का लागत नाही. फोल्डर आधीपासून असावा लागतो, ते स्वतः बनवत नाही. चांदणीला कॅपिटल आणि स्मॉल जेपीजी वेगळे वाटतात लिनक्सवर, कॅमेऱ्याच्या फाइली बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतात, निम्मे फोटो राहिले असं वाटलं तर हेच बघा.

जेपेगऑप्टिमसुद्धा मूळ फाइलवरच लिहितं, त्याला डबल डॅश डेस्ट देऊन दुसरा फोल्डर सांगा. त्याचं एक चांगलं, डबल डॅश मॅक्स ८० दिलं तर आधीच ८० किंवा त्याखालच्या क्वालिटीच्या फोटोंची क्वालिटी ते आणखी उतरवत नाही.

कॉम्प्रेस केल्यावर फोटो आडवे का होतात?

मोबाइल उभा धरला तरी बरेचदा पिक्सेल आडवेच सेव्ह होतात आणि फाइलमध्ये एक नोंद जाते की दाखवताना फिरवून दाखव. तुम्ही डॅश स्ट्रिप देऊन सगळ्या नोंदी काढल्या की ती पण जाते आणि फोटो आडवा. म्हणून डॅश ऑटो डॅश ओरिएंट नेहमी आधी, स्ट्रिप नंतर. सीवेबपी तर न सांगता सगळ्या नोंदी काढतं, त्यामुळे त्याला द्यायच्या आधीच फोटो सरळ करून घ्या.

स्ट्रिपनं कलर प्रोफाइल, म्हणजे रंग नेमके कसे दाखवायचे ती नोंद, पण जातं, आयफोनचे फोटो त्यानंतर थोडे फिके वाटू शकतात.

फोटोत माझ्या घराचं लोकेशन असतं हे खरंय का?

कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल तर हो, अक्षांश-रेखांश असतात. एक्झिफटूल आणि फाइलचं नाव एवढंच टाइप करा, सगळं समोर येईल. काढायचं असेल तर एक्झिफटूल, डॅश जीपीएस कोलन ऑल इक्वल टू, त्यापुढे काही नाही, मग स्पेस आणि फाइलचं नाव. जुनी फाइल ते बाजूला जपून ठेवतं. घरातून साड्या, केक, दागिने विकणाऱ्या ताया-मावश्यांनी हे जरूर करावं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळी तशीच जाते.

वेबपी वापरू का एव्हिफ?

वेबपी गूगलनं २०१० मध्ये आणलं, २०२० मध्ये सफारीनं घेतल्यापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं, साइटसाठी बिनधास्त वापरा. सीवेबपी, डॅश क्यू ८०, फाइल, डॅश ओ, नवं नाव. एव्हिफ हा त्याहून नवा फॉरमॅट, त्याची फाइल आणखी छोटी होते पण बनवायला वेळ लागतो. सरकारी फॉर्मला यातलं काहीच देऊ नका, जिथं जेपीईजी मागितलंय तिथं जेपीईजीच.

आयफोन फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये ठेवतो, त्या फाइली जेपीईजी कशा करायच्या?

मॅकवर सिप्स ही फोटो बदलायची कमांड आधीपासूनच असते: सिप्स, डॅश एस, फॉरमॅट, जेपीईजी, फाइल, डबल डॅश आउट, नवं नाव. लिनक्सवर एचईआयसी उघडणाऱ्या लिबहाइफची टूल्स टाका.

झिप करून साइज कमी होईल ना?

नाही. जेपीईजी आधीच आवळलेलं असतं, झिपला त्यात काढायला काही उरत नाही. शंभर फाइली एकत्र पाठवायला झिप चांगलं, तेवढंच.

मी ८५ क्वालिटीला सेव्ह केलं तर फाइल उलट मोठी झाली!

मूळ फाइल त्याहून कमी क्वालिटीची होती, बहुतेक व्हॉट्सअॅपवरून आलेली. तिचे डाग तुम्ही आता जास्त जपून सेव्ह केलेत. मॅजिक आयडेंटिफाय, डॅश फॉरमॅट, आणि अवतरणात टक्क्याचं चिन्ह व त्याला चिकटून कॅपिटल क्यू दिलं की मूळ फाइलची अंदाजे क्वालिटी कळते, ती ७० आली तर तिला हात लावू नका. पिक्सेल कमी करायचे असतील तरच उघडा, आणि ज्यानं फोटो काढलाय त्याच्याकडून ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून मागवता आला तर आधी तो मागवा.